आबांच्या छातीतून सूर्य

बी.एस्सी.चं दुसरं वर्ष मी दोनदा केलं. त्यामुळे माझं विज्ञान इतरांपेक्षा दुप्पट पक्कं आहे, असं मी तेव्हा चारचौघांत सांगत असे. लोक हसले की आपला विनोद जमला असं समजत असे. ते नेमकं कशाला हसत होते, हे कळायला मला बरीच किंमत पडली. म्हणजे मला नाही पडली, दुसऱ्याला पडली. माझ्या बहुतेक चुकांचं असंच आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आई-वडील नोकरीमुळे धुळ्याला होते आणि मी भुसावळच्या कॉलेजात शिकायचं म्हणून काकांच्या गावी राहत होतो. गाव रेल्वेलाइनीला खेटून. एका बाजूला केळीच्या बागा, दुसऱ्या बाजूला रूळ, आणि गच्चीवर चढलं की लांब दीपनगरच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांचा धूर. काकांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून मीही आबाच म्हणायचो. काकूला अक्का. त्यांचा एकुलता एक मुलगा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, त्याला मी भाऊ म्हणत असे.

भाऊचं सगळं आयुष्य त्या रुळांकडे तोंड करून गेलेलं. बागेत केळीला पाणी सोडून तो बांधावर उभा राहायचा आणि मालगाडी दिसली की इंजिनातल्या माणसाला हात करायचा. पंचविशीला टेकला तरी करायचा. त्याला लाज नव्हती. त्या वर्षी तो असिस्टंट ड्रायव्हरची लेखी परीक्षा पास झाला. तोंडीही झाली. राहिली होती ती फक्त मेडिकल, आणि मेडिकल म्हणजे डोळे. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासायचे, दोन्ही चष्म्याशिवाय सहा-सहा भरायला हवेत. वयाची अट त्याच वर्षी संपत होती. यंदा नाही तर कधीच नाही, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

त्यामुळे घरात भाऊच्या डोळ्यांचं देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं चाललं होतं. त्याला चुलीजवळ बसू देत नसत. कांदा चिरू देत नसत, म्हणून तो मी चिरायचो. रोज संध्याकाळी अक्का त्याला ओसरीवर बसवून पाय मांडीवर घ्यायची आणि तळव्यांना तूप लावून काशाच्या वाटीनं घासायची. काशानं घासलं की तळपाय काळे होतात. अंगातली उष्णता निघते आणि डोळे निवतात म्हणतात. घासून झालं की अक्का तो काळा तळवा त्यालाच दाखवायची.

"पाह्य, केवढी निघाली."

मी बाजूला बसून हसायचो. "अक्का, पायाची नस आणि डोळ्याची नस यांची गाठ कुठं पडते सांग बरं?"

"तुही दोन वर्सं एकाच वर्गात जिथी गाठ पडली ना, तिथीच," अक्का म्हणायची.

मेडिकल अकरा दिवसांवर आली तेव्हाची ती सकाळ. फाल्गुन संपत आला होता. गच्चीवर अक्का आणि गल्लीतल्या चार-पाच बायका बिबड्या घालत होत्या. ज्वारीचा शिजवलेला घाटा ओल्या कापडावर थापायचा आणि वाळवायचा, असं ते काम. साडेआठ वाजले असतील. हळूहळू ऊन कसनुसं व्हायला लागलं. ढग आला असं म्हणावं तर ढग नव्हता. सगळं आभाळ पाणी घातलेल्या ताकासारखं पांढुरकं झालं, आणि धुणं वाळत घातलेल्या दोरीची सावली असूनही नसल्यासारखी दिसू लागली. चिमण्या गप्प. एका बाईनं कपाळावर हात धरून वर बघितलं आणि हातातला घाट्याचा गोळा तसाच खाली ठेवला.

"खयं पडलं व अक्का."

सूर्याभोवती भलंमोठं कडं होतं. आतून तांबूस, बाहेर पांढरं होत गेलेलं. कड्यावर डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन चमकते ठिपके, जणू सूर्यानं आपली दोन पिल्लं बाजूला बसवली होती. कड्याच्या आतलं आभाळ बाहेरच्यापेक्षा काळपट दिसत होतं. विहिरीत वाकून बघताना भीती वाटते, तशी वाटत होती. मलाही वाटली. पण मी शिकलेला असल्यामुळे ते कबूल केलं नाही.

अक्कानं खाली जाऊन परात आणली, पाणी ओतलं, त्यात मूठभर हळद टाकली आणि पदर सावरून त्यात सूर्य बघितला. बायकाही एकेक करून वाकल्या. परातीतल्या पिवळ्या पाण्यात तीन सूर्य हलत होते.

"तीन सूर्य दिसले का घरातला येक दिवा जातो," अक्का हळूच म्हणाली. "माही माय म्हने."

आबा जिन्यात उभे होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "कोनाच्या घरातला?"

"जो पाहीन त्याच्या."

हे ऐकून माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. मी पाण्याच्या टाकीवर चढून व्याख्यान दिलं. फार उंचावर बर्फाचे बारीक कण असतात, सहा कोनांचे. त्यातून किरण वाकून येतात. म्हणून हे कडं सूर्यापासून नेहमी बावीस अंशांवरच पडतं. हात ताणून सूर्यावर अंगठा धरा, करंगळी बरोबर कड्यावर येईल.

"बर्फ?" एक बाई म्हणाली. "आपल्या आभायात?"

"हो."

"मंग दोन खडे खाली टाक की बाप्पा. ताकात घालू."

गच्ची हसली. अक्काही हसली, आणि तिच्या तोंडावरचं भ्यालेपण जरा कमी झालं. खरं म्हणजे मी तिथंच थांबायला हवं होतं. सूर्य अंगठ्यानं झाकून कडं बघायचं, हे बरोबर होतं, तेवढंच बरोबर होतं, आणि ते माझ्याच तोंडून निघालेलं होतं. पण बायका हसल्यावर थांबेल तो बी.एस्सी.चा विद्यार्थी कसला? मला हळदीच्या पाण्याचा पराभव करायचा होता.

आदल्या वर्षी आबांना दोन महिने खोकला होता. भुसावळला छातीचा एक्स-रे काढला, काही निघालं नाही. ती फिल्म अक्कानं ट्रंकेत, पत्रिकांच्या खाली, धुतल्या कापडात गुंडाळून ठेवली होती. मी खाली पळत जाऊन ती आणली. फिल्ममधून सूर्य बघतात हे मी कुठंतरी ऐकलं होतं. कुठं, ते आजही आठवत नाही. अशा गोष्टी आपण नेहमी कुठंतरीच ऐकलेल्या असतात.

अक्का ओरडलीच. "जित्या मान्साच्या छातीतून सूर्य पाह्यतो का रे? ठेव ते!"

"अक्का, ही फिल्म आहे. आबा जिन्यात उभे आहेत, बघ."

फिल्म डोळ्यांसमोर धरली. एक्स-रेत फुप्फुसं काळी येतात. त्या काळ्यातून सूर्य चांगला दिसला, तांबड्या बटणासारखा. बरगड्यांच्या मधोमध लटकलेला. पण कडं दिसेना. दोन्ही ठिपकेही गेले. अर्थातच गेले! ज्या फिल्मनं सूर्य मंद होतो, तिच्यातून त्याच्याभोवतीचा फिकट उजेड कसा दिसेल? हे आज लिहिताना किती सोपं वाटतं.

"कुठी गेलं खयं?" बायकांनी विचारलं.

"दिसेल. दिसेल."

"शास्त्रानं गियलं वाटतं."

मग मला युक्ती सुचली. काळ्यातून दिसत नाही तर पांढऱ्यातून बघावं. एक्स-रेत हाडं पांढरी येतात, आणि मधोमध, जरा डावीकडे झुकलेलं, सगळ्यात मोठं पांढरं असतं ते हृदय. मी आबांचं हृदय सूर्यावर धरलं आणि क्षणभर बघितलं. डोळ्यातून पाण्याची धार लागली. लगेच फिल्म खाली घेतली.

इथं माझ्या स्वभावाचा नीट हिशेब द्यायला हवा. मला सोसलं नाही, हे मला कळलं होतं. तरी मी फिल्म भाऊच्या हातात दिली. तो नुकताच बागेतून आला होता, चिखलाचे पाय घेऊन गच्चीच्या दारात उभा.

"तू बघ," मी म्हणालो. "तुझी नजर सहा-सहाची. तुला नक्की दिसेल. इथून, हृदयातून बघ. एकच डोळा लाव, म्हणजे स्थिर राहतं."

त्यानं डावा डोळा मिटला आणि उजव्यासमोर फिल्म धरली. मी विचारलं, "दिसलं?" तो म्हणाला, "थांब." मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "थांब ना." आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "हां. दिसलं. झ्याक दिसलं."

मी बायकांकडे वळून छाती काढली. अक्कानं फिल्म हिसकावून घेतली, पदरानं पुसली आणि ट्रंकेत नेऊन ठेवली.

रोज संध्याकाळी आम्ही दोघं रेल्वे फाटकाजवळच्या मोरीवर बसायचो. मालगाडी गेली की भाऊ लांबूनच डब्यांवरचे आकडे वाचायचा, नजरेला सराव म्हणून. मला ते कधीच दिसत नसत, पण "बरोबर" असं मी प्रत्येक वेळी ठामपणे म्हणायचो. त्या संध्याकाळी तो एक डबा वाचायला लागला आणि थांबला. दुसरा वाचायला लागला आणि थांबला.

"काय रे?"

"मधला आकडा जाऊ ऱ्हायला."

"कुठं जातोय? डब्याबरोबर पुढं?"

तो हसला नाही. त्यानं उजवा डोळा मिटून पाहिलं, मग डावा मिटून पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे, फक्त उजव्यानं.

"तुह्यं नाक नाही," तो म्हणाला. "कान हायेत. कपाय हाये. नाक नाही."

गाडी निघून गेली होती तरी रूळ अजून थरथरत होते. मी म्हणालो, उन्हानं झालं असेल, सकाळपर्यंत जाईल. सकाळी तो उठल्यावर पहिल्यांदा माझ्याकडेच आला. उजव्या डोळ्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

भुसावळला कुणी ओळखीचं भेटेल म्हणून त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जळगाव गाठलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बत्तीनं बराच वेळ आत बघितलं. मग खुर्ची मागं सारून विचारलं, "सूर्याकडे कशातून बघितलं?"

"एक्स-रेतून," मी म्हणालो.

"कुणाच्या?"

"काकांच्या. छातीच्या."

"छातीत कुठून?"

"हृदयातून."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "आतला पडदा भाजलाय. याला औषध नाही. डाग फिका होत जाईल. महिना लागेल, सहा महिने लागतील, थोडासा कायमचा राहील. वाट बघायची." भाऊनं विचारलं, "नऊ दिवसांत?" डॉक्टरांनी बत्तीचं बटण दोनदा उगाच चालू-बंद केलं. पैसे घेतले नाहीत. पैसे न घेणारा डॉक्टर मी त्याआधी बघितला नव्हता.

घरी आम्ही यातलं काही सांगितलं नाही. संध्याकाळी अक्का तूप आणि काशाची वाटी घेऊन बसली. भाऊनं पाय तिच्या मांडीवर ठेवले. ती घासत राहिली आणि तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मला माहीत होतं, तो एकेक डोळा मिटून कॅलेंडरचे आकडे बघतोय.

"पाह्य, केवढी निघाली," अक्का म्हणाली. "बरं वाटतं ना?"

"लय बरं वाटतं," भाऊ म्हणाला.

आठ दिवस हे चाललं. अक्का जास्त तूप घालायला लागली. मी त्या ओसरीवर विनोद करणं सोडलं तर तिनं मलाच विचारलं, "तुले काय झालं रे? तुही तब्येत बरी नाही का?"

मग मी दुसरी चूक करायला निघालो. एक पुरली नसावी. भुसावळच्या एका चष्म्याच्या दुकानात अक्षरांचा तक्ता टांगलेला होता, आणि सगळीकडचे तक्ते साधारण सारखेच असतात, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. मी गिऱ्हाईक म्हणून आत गेलो. बेत असा की तक्ता उतरून घ्यायचा, भाऊकडून पाठ करून घ्यायचा, आणि मेडिकलला उजव्याची पाळी आली की त्यानं घडाघडा म्हणायचं. दुकानदारानं मला खुर्चीत बसवून वाचायला सांगितलं. मला तिसऱ्या ओळीच्या खाली काहीही दिसेना. मलाच नंबर होता, आणि चांगला घसघशीत! जगाला बावीस अंश शिकवणाऱ्या माणसाला समोरच्या भिंतीवरचा तक्ता दिसत नव्हता. शेवटी उठून, भिंतीला नाक लावून मी ती अक्षरं हातावर उतरवून घेतली. दुकानदार बघतच राहिला.

भाऊनं ती पाठ केली. मेडिकलच्या आदल्या संध्याकाळी मोरीवर बसून त्यानं दोनदा न चुकता म्हणून दाखवली. अंधार पडत होता. दीपनगरच्या धुराची आडवी रेघ मळकट तांबडी झाली होती, आणि लाइनीवर सिग्नलचा लाल दिवा लागला होता. भाऊनं डावा डोळा मिटला आणि तिकडं बघितलं.

"दिवा गेला," तो म्हणाला.

अक्काचे शब्द मला आठवले. त्यालाही आठवले असणार. डोळा उघडला, पुन्हा मिटला.

"आता हाये. आता नाही. त्या डागात तो पुरा मावतो."

"अरे, पण गाडी काय एक डोळा मिटून चालवतात का?" मी म्हणालो. "दोन्ही उघडे ठेव ना! डाव्यानं दिसतंच आहे. आणि डाग फिका होणार आहे. सहाच महिन्यांचा प्रश्न."

"त्या सहा महिन्यांत डाव्यात कचरा गेला तर?"

"नाही जाणार."

"हे तू कुठंतरी आयकलं असशीन," भाऊ म्हणाला.

एवढंच. तो मला जन्मात एवढंच टोचून बोलला.

दुसऱ्या दिवशी मी रेल्वेच्या दवाखान्याबाहेर निंबाखाली उभा होतो. तो आत गेला आणि तासाभरानं आला. डाव्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग डाव्यावर पुठ्ठा धरला. "पहिली ओळ म्हणलो," तो सांगत होता. "पाठच व्हती. दुसरी म्हणायले तोंड उघडलं, अन् म्हणलो, साहेब, मधलं दिसत नाही."

सायकलवर मी मागं बसलो होतो. वाटेत एक मालगाडी आमच्या बाजूनं बराच वेळ चालली. त्यानं हात केला नाही.

घरी त्यानं सांगितलं, उजवा थोडा कमी भरला. आबा बागेत निघून गेले. अक्का चुलीसमोर बसली. मी दारात उभा होतो, तोंड उघडून, सांगायच्या तयारीत. तेवढ्यात ती म्हणाली, "मी म्हनलं नव्हतं? तीन सूर्य दिसले त्याच दिवशी म्हनलं व्हतं." गल्लीतल्या बायका आल्या, त्यांनीही तेच म्हटलं. सगळ्यांनी परातीत बघितलं होतं, सगळे साक्षीदार. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. आणि मी, सहा कोनांचे बर्फाचे कण सांगणारा, गप्प राहिलो. ज्या गोष्टीला टाकीवर चढून हसलो होतो, तिच्याच पदराआड लपलो. तिथं फार सुरक्षित होतं.

डाग दिवाळीपर्यंत बराच फिका झाला. तोवर वय निघून गेलं होतं.

पुढं मी पास झालो, धुळ्याला नोकरीला लागलो, आणि हे मी लोकांना हसवत सांगायला शिकलो. एक्स-रे, हृदय, चष्म्याचं दुकान. माणसं पोट धरून हसायची. दिवा गेल्याचं मी सांगत नसे.

नव्वदच्या दशकात, आबांच्या वर्षश्राद्धानंतर एकदा गावी गेलो होतो. सकाळी गच्चीवर भाऊ आणि मी चहा पीत होतो, तर तसंच ऊन कसनुसं झालं. वर कडं. भाऊनं हात ताणला, अंगठ्यानं सूर्य झाकला आणि करंगळी कड्यावर टेकवली.

"बावीस," तो म्हणाला. "तुनंच सांगितलं व्हतं."

मी विचारलं, "त्या दिवशी फिल्ममधून तुला खरंच दिसलं होतं का?"

"काहीच दिसलं नव्हतं."

"मग दिसलं का म्हणालास?"

"बाया हासत व्हत्या ना तुले."

मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, आज अक्काला सांगून टाकतो. इतकी वर्षं तिला वाटतंय की तो आभाळाचा कोप होता, किंवा तिचं तूप कमी पडलं.

"नको," भाऊ म्हणाला. "तिनं ते आभायावर टाकलं. आभायाले पेलतं."

संध्याकाळी ओसरीवर अक्कानं मला हाक मारली. तिला आता फारसं दिसत नव्हतं, पण काशाची वाटी तिच्या हातात होती. "बस," ती म्हणाली. "लिहून वाचून डोये गेले असतीन तुहे." मी नको म्हणालो. तिनं माझा पाय ओढून मांडीवर घेतला, तूप लावलं आणि घासायला लागली. भाऊ समोर खांबाला टेकून बसला होता. लांब कुठंतरी मालगाडीनं शिटी दिली. मी तिकडं बघितलं, त्यानं बघितलं नाही.

ती बराच वेळ घासत होती. मग तिनं माझा तळवा उजेडाकडे वळवला. कोळशासारखा काळा झाला होता.

"पाह्य," अक्का म्हणाली, "केवढी निघाली."